बँकेची उसनवारी कशी वाचावी : वार्षिक अहवालातल्या कॉल मनी, रेपो आणि ओव्हरड्राफ्टच्या ओळी

हा लेख गृहनिर्माण संस्थांचे खजिनदार, पतसंस्थांचे संचालक आणि सहकारी बँकेचे सभासद यांच्यासाठी आहे. संस्थेचे पैसे मुदतठेवीत ठेवण्याआधी बँकेचा अहवाल चाळायची पद्धत आता बरीच रुळली आहे. पण अहवालात बँकेने स्वतः घेतलेल्या अल्पमुदतीच्या कर्जांची ओळ आली की हमखास गडबड होते. ‘बँकेवर शून्य कर्ज’ असं पाहून कुणी निर्धास्त होतं, तर कुणी ‘कॉल मनी (बँकांमधलं एका रात्रीचं उसनं) ४० कोटी’ वाचून घाबरतं. प्रत्यक्षात ते ४० कोटी त्या बँकेनेच दुसऱ्याला दिलेले असतात.

बँकेने बँकेकडून उसने घेणं हे रोजचं काम आहे. आज चेक जास्त वटले, उद्या कर्जाचे हप्ते आले, मधल्या रात्रीची सोय बाजारातून झाली. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून निकाल देऊ नका. उसनं कशासाठी घेतलं, कशाच्या बळावर घेतलं आणि वर्षातले किती दिवस घेतलं, ही तीन उत्तरं काढायची आहेत. ती कुठल्याही एका ओळीत मिळत नाहीत, म्हणून खालचा क्रम मोडू नका.

आधी तयारी

एकाच बँकेचे लागोपाठचे तीन वार्षिक अहवाल मिळवा. एका अहवालात चालू आणि मागचं अशी दोन वर्षं असतात, पण दिशा कळायला तिसरं वर्ष लागतंच. सहकारी बँकेची वार्षिक सभा साधारण सप्टेंबरअखेरपर्यंत होते आणि त्याआधी अहवाल शाखेत किंवा संकेतस्थळावर येतो. सभासदांना वाटतात ती चार पानी संक्षिप्त पुस्तिका या कामाला पुरत नाही. ताळेबंदामागची परिशिष्टं आणि ‘हिशेबांवरील टिपा’ असलेली पूर्ण प्रत मागा.

एका कागदावर प्रत्येक वर्षासाठी या सात रकमा लिहायला जागा ठेवा : एकूण ठेवी, स्वनिधी (भागभांडवल आणि राखीव निधी), बाहेरील कर्जे (बँकेने स्वतः घेतलेली), एकूण कर्जवाटप, सरकारी रोखे, रोख व इतर बँकांतील शिल्लक, आणि बाहेरील कर्जांवर दिलेलं व्याज.

*तपासा :* सगळे आकडे एकाच एककात आहेत ना? एका पानावर लाख आणि दुसऱ्यावर कोटी असं सर्रास असतं. पुढचं सगळं गणित इथेच चुकतं.

टप्पा १ : देणं की येणं, ते ठरवा

‘मनी ॲट कॉल अँड शॉर्ट नोटीस’ ही ओळ मालमत्तेच्या बाजूला असेल तर ते पैसे बँकेने दुसऱ्या बँकांना दिले आहेत. देण्याच्या बाजूला असेल तर घेतले आहेत. नाव एकच असल्यामुळे ही चूक फार होते.

यात सहकारी बँकांची एक खास अडचण आहे. त्यांच्या ताळेबंदाच्या ठरलेल्या नमुन्यात घेतलेलं कॉल मनी ‘ठेवी व इतर खाती’ या शीर्षाखाली, मुदत, बचत आणि चालू ठेवींच्या खालच्या ओळीत येतं. म्हणजे ‘बाहेरील कर्जे : निरंक’ असं छापलेलं असूनही उसनवारी ठेवींच्या बेरजेत बसलेली असू शकते. ठेवींचं परिशिष्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

व्यापारी बँकांचा नमुना वेगळा आहे. त्यांच्या परिशिष्ट ३ मध्ये ठेवी ‘बँकांकडून’ आणि ‘इतरांकडून’ अशा फोडून दाखवलेल्या असतात. परिशिष्ट ४ मध्ये कर्जं असतात : रिझर्व्ह बँकेकडून, इतर बँकांकडून, इतर संस्थांकडून. परिशिष्ट ७ मध्ये इतरांना दिलेलं कॉल मनी असतं आणि परिशिष्ट १५ मध्ये रिझर्व्ह बँक व आंतरबँक कर्जांवरचं व्याज स्वतंत्र ओळीत मिळतं.

टप्पा २ : उसनवारीचे प्रकार वेगळे करा

‘बाहेरील कर्जे’ ही बेरीज तशीच घेऊ नका. तिच्यात एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी असतात.

कॉल मनी म्हणजे एका रात्रीचं, नोटीस मनी म्हणजे २ ते १४ दिवसांचं, टर्म मनी म्हणजे १५ दिवस ते एक वर्षाचं. तिन्ही विनातारण, केवळ पत पाहून मिळणारी. रेपो आणि ट्रेप्स (मध्यस्थ संस्थेमार्फत होणारा रेपो) ही मात्र सरकारी रोखे तारण ठेवून घेतलेली उसनवारी. ट्रेप्स नोव्हेंबर २०१८ मध्ये आलं. त्याआधीच्या अहवालांत त्याच जागी सीबीएलओ दिसेल.

रिझर्व्ह बँकेकडून घेतलेलं कर्ज निराळं काढा. ते रेपो खिडकीतून असेल किंवा एमएसएफमधून (मार्जिनल स्टँडिंग फॅसिलिटी, म्हणजे तातडीच्या कर्जाची खिडकी). एमएसएफचा दर रेपोपेक्षा पाव टक्का जास्त असतो, म्हणून बाजारात सोय झाली नाही की बँका तिकडे वळतात. सहकारी बँकांपैकी पात्र ठरलेल्या शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीत असलेल्या) बँकांनाच या खिडक्या उघड्या असतात.

मग छोट्या बँका काय करतात? त्यांनी जिल्हा बँकेत, राज्य बँकेत किंवा एखाद्या मोठ्या बँकेत मुदतठेवी ठेवलेल्या असतात आणि त्याच ठेवींवर ओव्हरड्राफ्ट घेतात. आपल्याकडच्या नागरी बँकांच्या अहवालात सगळ्यात जास्त दिसणारी उसनवारी हीच, आणि सगळ्यात कमी वाचली जाणारीही हीच. मालमत्तेच्या बाजूला ‘इतर बँकांतील मुदतठेवी ६० कोटी’ दिमाखात उभ्या असतात आणि त्यातल्या २५ कोटींवर बोजा असल्याची नोंद मागे कुठल्यातरी टिपेत असते. ते २५ कोटी अडचणीच्या दिवशी बँकेच्या हाती नाहीत. रोख व शिल्लक या आकड्यातून ते वजा करूनच पुढे जा.

नाबार्डचं पुनर्वित्त, दीर्घ मुदतीच्या गौण ठेवी आणि भांडवलात धरले जाणारे रोखे या हिशेबातून काढून टाका. ते वर्षानुवर्षांचे पैसे आहेत, उद्या सकाळी परत मागितले जाणार नाहीत.

*इशारा :* ठेवींत पतसंस्था आणि इतर सहकारी बँकांचा वाटा किती, तेही टिपा. कागदावर ती ठेव असली तरी वागते आंतरबँक पैशासारखी. पतसंस्थेच्या संचालकांना कुणकुण लागते ती एकाच आठवड्यात, आणि मग सगळ्या एकदम मोडायला येतात. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक कोसळली, तेव्हा गुजरातेतल्या अनेक सहकारी बँकांच्या ठेवी तिच्यात अडकल्या होत्या. त्यानंतरच रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांच्या कॉल आणि नोटीस बाजारातल्या उसनवारीला मागच्या मार्चअखेरच्या ठेवींच्या २ टक्क्यांची मर्यादा घातली. हा २ टक्क्यांचा आकडा पुढे लागणार आहे.

टप्पा ३ : ३१ मार्चवर विसंबू नका

अख्ख्या अहवालात सर्वांत कमी भरवशाचा आकडा हा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक बँक घर आवरते. मोठ्या ठेवी काही दिवसांसाठी आणल्या जातात, उसनवारी फेडली जाते, १ एप्रिलनंतर पुन्हा घेतली जाते. वर्षभराची स्थिती कळण्यासाठी दोन पडताळे आहेत.

पहिला व्याजाचा. बाहेरील कर्जांवर दिलेलं व्याज घ्या आणि त्या वर्षीच्या अंदाजे दराने भागा. उदाहरणार्थ, २०२३-२४ मध्ये रेपो दर वर्षभर ६.५० टक्के होता आणि एका रात्रीचे दर त्याच्या आसपासच फिरतात. समजा बँकेची ३१ मार्चची कर्जं शून्य आहेत, पण व्याज दिलंय ३ कोटी. ३ भागिले ०.०६५ म्हणजे सुमारे ४६ कोटी. सरासरीने वर्षभर बँकेवर ४६ कोटींची उसनवारी होती आणि फक्त छायाचित्राच्या दिवशी, म्हणजे ३१ मार्चला, ती नव्हती. काही सहकारी बँका ठेवी आणि कर्जं यांचं व्याज एकाच ओळीत देतात. तिथे परिशिष्टात फोड शोधा. नसेल तर सभेत विचारण्याच्या प्रश्नांत हा पहिला लिहून ठेवा.

दुसरा पडताळा टिपांमधला. रेपो व्यवहारांचा एक तक्ता असतो. त्यात वर्षातली किमान थकबाकी (म्हणजे फेडायची बाकी असलेली रक्कम), कमाल, दैनिक सरासरी आणि ३१ मार्चची थकबाकी असे चार रकाने असतात. या तक्त्यावर मी ताळेबंदाहून जास्त वेळ घालवतो. कमाल मोठी आणि सरासरी अगदी लहान असेल तर एखाद्या अडचणीच्या आठवड्यापुरती सोय केलेली आहे. त्यात वावगं काही नाही. सरासरीच कमाल रकमेच्या जवळ असेल तर उसनवारी कायमची मुक्कामाला आली आहे.

*तपासा :* दोन्ही पडताळ्यांतून साधारण एकच चित्र निघतंय का? व्याज जास्त आणि रेपोची सरासरी कमी असेल तर उरलेलं कर्ज कॉलमध्ये किंवा ओव्हरड्राफ्टमध्ये आहे. टप्पा २ कडे परत जा.

टप्पा ४ : उसनवारी कशासाठी झाली, ते काढा

अहवालवाचनाचा हा गाभा आहे, त्यामुळे थोडं थांबून करू. खालची बँक काल्पनिक आहे, आकडे कोटींत.

पहिलं वर्ष : ठेवी २,०००, कर्जवाटप १,३००, गुंतवणूक ५६०, रोख व इतर बँकांतील शिल्लक २५०, स्वनिधी २००, अल्पमुदतीची उसनवारी १०.

दुसरं वर्ष : ठेवी १,९४०, कर्जवाटप १,४४०, गुंतवणूक ५२०, रोख व शिल्लक १७०, स्वनिधी २०५, उसनवारी ९५.

फक्त फरक मांडा. ठेवी ६० ने घटल्या, कर्जं १४० ने वाढली. म्हणजे २०० कोटींची तूट पडली. ती कशी भरली? रोख व शिल्लक ८० ने उतरली, गुंतवणूक ४० ने कमी झाली आणि उसनवारी ८५ ने वाढली. हे झाले २०५, आणि स्वनिधीतली ५ ची भर धरून २१०. वरचे १० कोटी किरकोळ देणी-येण्यांतले, त्यांच्या मागे लागू नका.

आता वाचा. ही बँक सहा-सात वर्षांची गृहकर्जं आणि कारखान्यांची कर्जं एका रात्रीच्या पैशावर वाटते आहे. कर्ज-ठेव प्रमाण ६५ टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर गेलं. अध्यक्षांच्या मनोगतात याच आकड्याचं वर्णन ‘कर्जवाटपात भरीव वाढ’ असं येईल, आणि ते खोटंही नसेल. पण वाढीला पैसा कुठून आला हे त्या वाक्यात नसतं.

अशीच ९५ कोटींची उसनवारी दुसऱ्या बँकेत निरुपद्रवी असू शकते. ठेवी वाढत आहेत, कर्जवाटप जागच्या जागी आहे, आणि बँकेने ट्रेप्समधून पैसे घेऊन थोड्या जास्त व्याजाच्या ट्रेझरी बिलांत (सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत) गुंतवले आहेत. तिथे उसनवारी आणि गुंतवणूक एकाच मापाने वाढलेली दिसेल. ती नफ्यासाठी केलेली खेळी आहे. पहिल्या बँकेची ही गरज आहे, आणि ठेवी गळत असताना निर्माण झालेली गरज आहे.

*नेहमीची चूक :* उसनवारीची तुलना एकूण मालमत्तेशी करणं. ९५ भागिले अडीच हजार असं केलं की सगळंच किरकोळ दिसतं. तुलना तीन गोष्टींशी करा. ठेवींशी : अर्ध्या टक्क्यावरून ४.९ टक्के. स्वनिधीशी : ५ टक्क्यांवरून ४६ टक्के. आणि बोजा नसलेल्या रोख शिल्लकीशी.

टप्पा ५ : तारण किती उरलं ते मोजा

२ टक्क्यांची मर्यादा इथे कामाला येते. मागच्या मार्चच्या ठेवी २,००० कोटी, म्हणून कॉल आणि नोटीस मिळून ४० कोटींच्या वर या बँकेला जाता येत नाही. ९५ पैकी किमान ५५ कोटी तारणावर आले असणार, किंवा ते कॉल-नोटीसमधले नाहीतच. टिपांमध्ये याचा मेळ लागला पाहिजे.

समजा सगळी ९५ कोटींची उसनवारी रेपो-ट्रेप्समधूनच आहे आणि गुंतवणुकीपैकी सरकारी रोखे ४६० कोटींचे आहेत. एसएलआरपोटी (बँकेने सक्तीने सरकारी रोख्यांसारख्या मालमत्तेत राखायच्या हिश्शापोटी) ढोबळमानाने ठेवींच्या १८ टक्के, म्हणजे सुमारे ३४९ कोटींचे रोखे राखून ठेवावेच लागतात, आणि बाजारात गहाण पडलेले रोखे त्यात मोजता येत नाहीत. राहिले १११. त्यातले ९५ आधीच गुंतले. पुढच्या अडचणीसाठी हाताशी उरले जेमतेम १६ कोटी. ठेवीदारांनी एका आठवड्यात एक टक्का ठेवी, म्हणजे १९ कोटी काढल्या तर हे तारण पुरत नाही. मग रोख शिल्लकीला हात लागतो, आणि त्यातला सीआरआरचा (सक्तीच्या रोख राखीव निधीचा) भाग तर रिझर्व्ह बँकेकडे अडकलेला असतो.

म्हणून ‘गुंतवणूक ५२० कोटी, म्हणजे बँक भक्कम’ हा निष्कर्ष काढू नका. किती मोकळी आहे ते पाहा.

रोख्यांची किंमतही बघा. व्याजदर चढले की जुन्या रोख्यांचा बाजारभाव उतरतो. ‘मुदतपूर्तीपर्यंत धारण’ या गटातले रोखे खरेदीच्या हिशेबाने दाखवले जातात, पण उसनं देणारा बाजारभावच धरतो. दोन्हींतला फरक टिपांमध्ये मिळतो.

अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेच्या आकड्यांत हे सगळं एकाच वर्षात दिसलं. २०२१ अखेर तिची अल्पमुदतीची उसनवारी ७.१ कोटी डॉलर होती. २०२२ अखेर ती सुमारे १,३५६ कोटी डॉलर झाली. जवळजवळ सगळी फेडरल होम लोन बँकेकडून (बँकांना कर्ज देणाऱ्या तिथल्या संस्थेकडून), तारणावर. त्याच वर्षात ठेवी सुमारे १८,९२० कोटी डॉलरवरून १७,३१० कोटींवर आल्या, आणि धारण गटातल्या रोख्यांवरची न दाखवलेली तूट सुमारे १,५०० कोटी डॉलर, म्हणजे जवळपास सगळ्या स्वनिधीएवढी होती. ठेवी खाली, उसनवारी वर, तारणाला गळती : तिन्ही गोष्टी छापील अहवालात होत्या. ९ मार्च २०२३ रोजी ग्राहकांनी एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर काढायला घेतले, आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. शेवटच्या संध्याकाळी तारण एका संस्थेकडून सोडवून दुसरीकडे ठेवायलाही वेळ उरला नव्हता.

आपल्याकडच्या नागरी बँकेचा ठेवीदार वेगळा आहे, तो मोबाइलवरून एका दुपारी सगळं काढून नेत नाही. पण वजाबाकीचा क्रम तोच आहे.

टप्पा ६ : मुदतीचा तक्ता जोडून पाहा

टिपांमध्ये मालमत्ता आणि देणी यांचा मुदतनिहाय तक्ता असतो : पहिला दिवस, २ ते ७ दिवस, ८ ते १४ दिवस आणि पुढे. पहिल्या तीन रकान्यांपुरतं बघा. देय होणाऱ्या ठेवी अधिक कर्जं यातून तेवढ्याच दिवसांत येणारी कर्जवसुली आणि मुदत भरणारी गुंतवणूक वजा करा. तूट दोन वर्षं वाढत असेल आणि टप्पा ५ मधलं मोकळं तारण त्या तुटीपेक्षा कमी असेल, तर बँक दर पंधरवड्याला नव्या उसनवारीवर उभी आहे.

*इशारा :* बचत आणि चालू खात्यांचे पैसे या तक्त्यात अंदाजाने विभागलेले असतात, बराचसा भाग लांबच्या रकान्यात टाकलेला असतो. प्रत्यक्षात ते पैसे आजही मागता येतात. तक्ता जेवढं सांगतो त्यापेक्षा परिस्थिती थोडी वाईट धरूनच चाला.

टप्पा ७ : उसनवारी नाही, तेव्हाही शंका घ्या

वरचे सगळे टप्पे करूनही उसनवारी शून्य निघाली, तर त्याचे दोन अर्थ असतात. एक, बँकेला गरजच नाही : मोकळे रोखे भरपूर, ठेवी विखुरलेल्या, स्वतःच बाजारात पैसे देणारी. दोन, बँकेला कुणी देत नाही. दुसऱ्या प्रकारची बँक पैसा ठेवीदारांकडून ओढते आणि त्यासाठी जास्त व्याज देते. आसपासच्या बँकांपेक्षा एक-दीड टक्का जास्त दर, मोठ्या रकमेला आणखी जादा आणि त्याच वर्षी उसनवारी निरंक असं दिसलं तर ‘सर्वाधिक व्याज’ ही जाहिरात धोक्याची खूण म्हणून वाचा. ठेवीदारच इथे कॉल मनीची जागा भरतात, आणि तारण मात्र मागत नाहीत.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. हिशेबच खोटे असतील तर यातलं काहीच चालत नाही. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. तिथे दुखणं एका बांधकाम समूहाला दिलेल्या आणि हजारो बनावट खात्यांमागे लपवलेल्या कर्जांत होतं. उसनवारीच्या ओळीतून ते दिसलं नसतं.

सभेत काय विचारायचं

प्रश्न लेखी आणि सभेआधी द्या. ऐन सभेत उठून विचारलं की ‘ऑफिसात या, समजावून सांगतो’ एवढंच उत्तर मिळतं. मला दोनदा तेच मिळालं होतं. प्रश्न आकड्यांचे ठेवा, मताचे नकोत :

१. वर्षात किती दिवस बँकेने उसने पैसे घेतले, आणि सर्वाधिक रक्कम किती होती?
२. इतर बँकांतल्या आपल्या मुदतठेवींपैकी किती रकमेवर बोजा आहे?
३. ३१ मार्चला एसएलआरच्या वर मोकळे सरकारी रोखे किती होते?
४. सर्वांत मोठ्या वीस ठेवीदारांचा वाटा किती, आणि त्यात संस्था किती?

चौथ्याचं उत्तर बहुधा टिपांतच असतं. तरी विचारा, कारण संस्थांचा वाटा वेगळा दिलेला नसतो.

उत्तर आलं नाही किंवा वरच्या पडताळ्यांत दोनहून जास्त ठिकाणी अडखळलात, तर संस्थेच्या ठेवींची मुदत भरायच्या तारखा लिहून काढा. ठेव विम्याचं संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतच आहे. दोनशे सदनिकांची सोसायटी असली तरी तिच्या नावावरच्या ठेवींसाठी ती एकच ठेवीदार धरली जाते. दुरुस्ती निधीचे ८० लाख एका बँकेत असतील, तर ७५ लाख विम्याबाहेर आहेत. ठेवी मुदतीआधी मोडल्यास किती व्याज कापलं जाईल ते शाखेतून लिहून घ्या, आणि कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा कागद व टप्पा ४ मधला दोन वर्षांचा फरक शेजारी-शेजारी ठेवा.